वादळ गेलं, आभाळ निवळलं. आता वर जायचं का? (हिवाळी हिमालय आणि हिमस्खलन)

हिमधार

जानेवारी-फेब्रुवारी आला की इथल्या चार-पाच धाग्यांवर एकच प्रश्न फिरत असतो: "परवा भरपूर बर्फ पडला, आज कडक ऊन आहे, वर चालू आहे का?" उत्तरं विखुरतात, म्हणून एकच धागा काढतो. उदाहरणं मुख्यतः गुलमर्गची देतो, कारण स्की किंवा स्नोशू घेऊन ठरलेल्या वाटेबाहेर जाणारे आपले लोक बहुतेक तिथेच जातात. सोलंग (मनालीजवळचं) आणि उत्तराखंडाचे प्रश्नही इथेच विचारा.

आधी "चालू आहे" या शब्दाचं बघू. रस्ता चालू असणं, गोंडोला (रोपवे) चालू असणं आणि उतारावरचा बर्फ धरून असणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन तुम्हाला हॉटेलवाला सांगेल. तिसरी तो सांगू शकत नाही.

बर्फ सुटतो, म्हणजे हिमस्खलन होतं, ते कसं? खाली जुना थर, त्यावर वादळाचा नवा थर. नवा थर एकसंध झाला की त्याचा स्लॅब होतो. घराचा स्लॅब भिंतींवर टेकलेला असतो, हा स्लॅब तिरप्या उतारावर नुसता चिकटलेला असतो. मधला थर कच्चा असेल तर एका माणसाच्या वजनाने त्याला चीर जाते, ती सेकंदात पन्नास-शंभर मीटर धावते आणि अख्खी पाटी एकदम सुटते. म्हणून "मी हलक्या पावलांनी जाईन" याला अर्थ नाही.

भार किती असतो त्याचा हिशेब करा. शांत हवेत पडलेला भुसभुशीत बर्फ साधारण 100 किलो प्रति घनमीटर. 60 सेंमी पडला तर दर चौरस मीटरला 60 किलो. तोच बर्फ वाऱ्याने वाहून दाबून बसवला की घनता 250 च्या आसपास जाते, म्हणजे त्याच जाडीला 150 किलो. त्यात वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने. म्हणजे गावात फूटभर बर्फ मोजला असेल तेव्हा धारेच्या आड चार फूट साचलेला असू शकतो.

गुलमर्गला नेमकं हेच होतं. पश्चिमी चक्रावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ टाकणारी वादळी प्रणाली, ज्याला आपण सगळे डब्ल्यूडी म्हणतो, येतो तेव्हा वरचा वारा बहुधा नैऋत्य-पश्चिमेकडून असतो. अफरवाट या गुलमर्गच्या वरच्या डोंगराची गुलमर्गकडे उतरणारी बाजू उत्तर-ईशान्येला तोंड करून आहे, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला. लोक स्की करतात तीच बाजू आणि वारा बर्फ टाकतो तीही तीच. गोंडोलाचा दुसरा टप्पा तुम्हाला सुमारे 3,950 मीटरवर, धारेच्या जवळ नेऊन सोडतो. समोरच्या मुख्य बाउलवर (वाडग्यासारख्या खोलगट उतारावर) स्की पेट्रोलची, म्हणजे गस्तीपथकाची, देखरेख असते. तिथून डावी-उजवीकडे सरकलात की कोणाचीही नसते. दोऱ्या आणि फलक दिसत नाहीत म्हणून हद्द संपली हे कळत नाही, एवढाच फरक.

1 फेब्रुवारी 2023 ला अफरवाटला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर दगावले. 22 फेब्रुवारी 2024 ला गुलमर्गच्याच वर, खिलनमर्गच्या बाजूला, एक रशियन स्कीअर दगावला. 2024 चा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: जानेवारी जवळजवळ कोरडा, जमिनीवर पातळ बर्फ किंवा तोही नाही, आणि मग फेब्रुवारीत एकामागून एक मोठे हिमवर्षाव. कोरड्या थंडीत पातळ थर सडतो, त्यावर जड थर येऊन बसतो. हा क्रम जेव्हा जेव्हा दिसेल, तेव्हा "बर्फ भरपूर आहे" या बातमीने हरखून जाऊ नका.

---

ताम्हिणी

उत्तम धागा. आम्ही आठ जण, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुलमर्ग, सगळे स्नोशूवाले. सरळ प्रश्न: वादळ थांबल्यावर किती दिवस थांबायचं? एक आकडा द्या ना. झेलम एक्सप्रेसची परतीची तिकिटं काढलेली आहेत.

---

हिमधार

ताम्हिणी, आकडा देतो, पण तीन आकडे आहेत आणि तिसरा तुम्हाला आवडणार नाही.

नव्या बर्फाचा स्वतःचा अस्थिरपणा साधारण 24 ते 48 तासांत उतरतो. वाऱ्याने बसवलेला स्लॅब तीन-चार दिवस, थंडी टिकली तर आठवडाभर. आणि तळाशी साखरेसारखा सडका थर असेल तर कित्येक आठवडे. तो सहजी बरा होत नाही, पुढच्या वादळाची वाट बघत पडून राहतो.

घड्याळ सुरू होतं ते हिमवर्षाव आणि वारा *दोन्ही* थांबल्यावर. आभाळ निळं आहे पण धारेवरून बर्फाचा पांढरा पदर उडताना दिसतोय, तर वादळ अजून चालूच आहे असं समजा, फक्त बर्फ आडवा पडतोय.

वादळ चालू असताना हॉटेलच्या अंगणात एक पांढरी रंगवलेली 40 × 40 सेंमीची फळी ठेवा आणि दर सकाळी त्यावरचा बर्फ मोजून फळी झाडून पुन्हा ठेवा. 24 तासांत 30 सेंमीच्या वर, किंवा सलग काही तास ताशी अडीच सेंमीच्या पुढे गेलं, की 30 अंशांच्या वरच्या उतारांचा विषय बंद. हा फुटक्या फळीचा उद्योग लोकांना पोरकट वाटतो. पण "खूप पडला" आणि "34 सेंमी पडला" यांत निर्णयाचा फरक पडतो.

आठ जणांचा गट मोठा आहे. चार-चारचे दोन करा.

---

तिरपी_रेघ

उताराच्या कोनावर कोणी लिहिण्याआधी मी लिहून घेतो, कारण या सगळ्या भानगडीत हाच एक भाग घरी बसून, चहा पीत, आधी करता येतो.

स्लॅबची हिमस्खलनं बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावरून सुटतात, त्यातही 35 ते 40 मध्ये सर्वाधिक. 30 च्या खाली क्वचित. म्हणजे धोका किती हे नीट कळत नसेल तरी 30 च्या खाली राहिलात, आणि *वर* 30 च्या पुढचं काही लटकत नसेल, तर जवळजवळ सगळा प्रश्न सुटतो. बर्फाचं शास्त्र कच्चं असलं तरी चालेल, भूमिती पक्की हवी.

1:50,000 च्या नकाशावर 40 मीटरची समोच्च रेषा असेल तर:
– 25 अंशाला दोन रेषांत 1.7 मिमी
– 30 अंशाला 1.4 मिमी
– 45 अंशाला 0.8 मिमी

पारदर्शक पट्टीवर 1.4 मिमीच्या दोन रेघा ओढा आणि वाटेवर सरकवत न्या. जिथे समोच्च रेषा त्याहून जवळ, तिथे लाल शाई. मात्र दोन रेषांच्या मधे 40 मीटरचा चढ लपलेला असतो. 15 मीटर उंचीचा 38 अंशांचा उंचवटा नकाशात कुठेच दिसत नाही, आणि माणूस गाडायला तो पुरतो. मोबाइल ॲपमधले रंगीत उतारसुद्धा हिमालयात साधारण 30 मीटरच्या चौकटींच्या माहितीवर काढलेले असतात, त्यामुळे ते तीव्र जागा गुळगुळीत करून दाखवतात. ॲप 28 दाखवत असेल तर प्रत्यक्षात 32 निघू शकतं हे धरून चाला.

जागेवर मोजायला काठ्या पुरतात. 130 सेंमीच्या दोन चालायच्या काठ्या घ्या. एकीवर टोकापासून 75 सेंमीवर रंगीत टेपची खूण करा. ही काठी बर्फात उभी, ओळंब्यात धरा. दुसरी काठी अगदी आडवी धरून तिचं एक टोक वरच्या बाजूच्या उताराला टेकवा आणि दुसरं टोक उभ्या काठीला कुठे लागतं ते पाहा. खुणेच्या वर लागलं, तर उतार 30 अंशांपेक्षा जास्त. एक दुसरी खूण 61 सेंमीवर करा, ती 25 अंशांची. उभ्या काठीचं टोक बर्फात रुतलं तर मोजमाप फसतं, म्हणून बास्केट (टोकाजवळची चकती) बर्फावर टेकेपर्यंतच खुपसा आणि मोजणी बर्फाच्या पातळीपासून धरा.

---

सोंडेवरून

तिरपी_रेघ यांना +1. माझी एक भर, खास सह्याद्रीवाल्यांसाठी.

आपल्याला सवय काय? वर जायचं तर नाळ शोधायची. नाळेत धरायला दगड, आजूबाजूला आडोसा, घसरलो तरी फार नाही. सोंडेवर वारा आणि दृष्टिभय. वीस-वीस वर्षं डोंगर फिरलेला माणूस बर्फात गेल्यावरही पाय आपोआप घळीकडे वळवतो.

बर्फात हे उलटं करायचं. नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचं गटार. दोन्ही बाजूंचा बर्फ तिथेच येतो, पसरायला जागा नसते, त्यामुळे छोट्याशा सुटण्यानेही तीन-चार मीटर खोल ढीग होतो. 20 सेंमी जाडीचा स्लॅब मोकळ्या पठारावर आला तर गुडघाभर. तोच घळीत आला तर डोक्यावरून. सोंडेची रुंद पाठ, दाट झाडी, पसरट माळ, ही आपली वाट. सोंडेच्या अगदी काठावर मात्र नाही. वाऱ्याआडच्या बाजूला बर्फाची छज्जासारखी कड बाहेर आलेली असते आणि ती तुटते तेव्हा तिची भेग आपल्याला वाटते त्याहून बरीच आत, पक्क्या जमिनीच्या बाजूला पडते.

झाडीबद्दल एक ठोकताळा: ज्या झाडांमधून स्की करायला मजा येते इतकी ती विरळ असतील, तर बर्फही त्यांतून सहज येतो. गुलमर्गहून बाबा रेशी किंवा टंगमर्गकडे उतरणाऱ्या जंगलात चांगली दाटी आहे, वादळानंतरचे पहिले दोन दिवस तिथे घालवायला हरकत नाही. पण त्या जंगलातले नाले सोडून. झाडाच्या बुंध्याभोवती सैल बर्फाचा खड्डा असतो, त्यात डोकं खाली पडलं तर एकट्याला निघता येत नाही. तिथे जोडीने आणि एकमेकांच्या नजरेत राहा.

---

पाऊलखूण

गुलमर्ग ठीक. पण आपल्याकडचे बहुसंख्य उत्तराखंडात केदारकंठा, ब्रह्मताल, कुआरी पासच्या ट्रेकला जातात. तिथे आयोजक असतो, रुळलेली वाट असते. तिथेही हे सगळं लागू आहे का? का उगाच घाबरवताय?

---

हिमधार

अहो, घाबरवायचं असतं तर फोटो टाकले असते :)

या वाटा लोकप्रिय झाल्या त्याचं एक कारणच हे की त्यांचा बराच भाग जंगलातून आणि सौम्य सोंडांवरून जातो. तेवढ्या भागात अडचण नाही. शेवटचा टप्पा, झाडं संपल्यापासून माथ्यापर्यंत, तिथे वर सांगितलेलं सगळं लागू. रुळलेली वाट म्हणजे सुरक्षित वाट नव्हे. डिसेंबरात पडलेली पाऊलवाट फेब्रुवारीच्या वादळात गाडली जाते आणि नवी वाट पहिला निघालेला माणूस पाडतो. तो कुठून गेला, त्यावर मागच्या दोनशे जणांचं ठरतं. मागच्यांनी वर मान करून पाहायचं.

आयोजकाला आगाऊ पैसे भरण्यापूर्वी विचारायचे प्रश्न: वादळानंतर माथा रद्द करायचा निर्णय कोण घेतो, बेस कॅम्पवरचा प्रमुख की शहरातलं ऑफिस? एका उघड्या उतारावर एका वेळी किती जण सोडता? फावडी किती, कुठे असतात? "आमच्याकडे कधीच काही झालं नाही" हे उत्तर आलं तर ते उत्तर नव्हे. बर्फ दहापैकी नऊ वेळा धरून राहतो, म्हणून चुकीचा निर्णयही बहुतेक वेळा बरोबर ठरल्यासारखा वाटतो.

आणि हे फक्त हिवाळ्याचं नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा-2 वर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेच्या तुकडीवर हिमस्खलन झालं आणि 29 जण गेले. शिकवणारे सोबत होते, दोर होते.

---

डेन्व्हरकर

इथे कोलोरॅडोत सीएआयसी (राज्याचं हिमस्खलन माहिती केंद्र) रोज विभागवार अंदाज देतं: कोणत्या दिशेचे उतार, कोणत्या उंचीपट्ट्यात, कोणत्या प्रकारचा धोका, सुटला तर किती मोठा. आपल्याकडे डीजीआरईचं हिमस्खलनाचं बुलेटिन असतं ना? त्याचा तपशील कितपत?

---

हिमधार

डीजीआरई म्हणजे डीआरडीओची संस्था. मनालीच्या जुन्या 'सासे'चं (बर्फ आणि हिमस्खलन अभ्यास संस्थेचं) 2020 मध्ये विलीनीकरण होऊन ती झाली. तिचा इशारा राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापनाकडून बातम्यांत येतो आणि त्याची भाषा अशी असते: अमुक जिल्ह्यात, 2,500 किंवा 2,800 मीटरच्या वर, पुढच्या 24 तासांत मध्यम पातळीचा धोका. म्हणजे जिल्हा, उंची, पातळी. गुलमर्ग ज्यात येतं तो अख्खा बारामुल्ला जिल्हा एका ओळीत. उताराची दिशा त्यात नसते. म्हणून तो इशारा "जाऊ नका" हे सांगायला उपयोगी, "कुठे जा" हे सांगायला नाही. गुलमर्गपुरतं स्की पेट्रोलकडे सकाळी चौकशी करा, ते रोज वर असतात.

तुमच्याकडच्या पाच पायऱ्यांच्या मापात पातळी 3 ला लोक "मधलं आहे, चालेल" म्हणतात. माणसं सगळ्यांत जास्त दगावतात ती त्याच पातळीला, कारण 4 आणि 5 ला बाहेर पडतंच कोण?

---

डेन्व्हरकर

बरोबर. मग दिशेबद्दल मी एक हिशेब मांडतो, कारण आल्प्समधली पुस्तकं वाचून हिमालयात गेलेले इथे चुकतात. 15 फेब्रुवारीला दुपारी सूर्य क्षितिजापासून किती वर? आल्प्समध्ये, 46 अक्षांशावर, साधारण 31 अंश. गुलमर्गला, 34 वर, 43 अंश. मनालीला 45. म्हणजे 45 अंशांच्या दक्षिण उतारावर मनालीत ऊन जवळजवळ काटकोनात पडतं. वादळानंतरचं पहिलं कडक ऊन नव्या बर्फावर पडलं की दक्षिण आणि पूर्व उतार सकाळी दहा-अकरालाच ओले होऊन सुटायला लागतात. "दुपारी दोनपर्यंत खाली येऊ" हे आल्प्सचं वेळापत्रक इथे उशिराचं आहे.

खुणा: उतारावरून आपोआप घरंगळणारे बर्फाचे गोळे, झाडांवरून धपाधप पडणारा बर्फ, घोट्यापर्यंत ओलसर रुतणं. तिन्ही दिसले की वर असाल तिथून परत, खाली असाल तर उताराच्या पायथ्यापासून लांब.

---

ताम्हिणी

आणि तो "साखरेसारखा थर" ओळखायचा कसा? खणून?

---

हिमधार

हो, खणून. आणि हाताने.

30 अंशांच्या आतली, वर काही नसलेली, पण ज्या उतारावर जायचं त्याच दिशेची आणि उंचीची छोटी जागा निवडा. मीटर-सव्वा मीटर खोल खड्डा, वरची भिंत उभी आणि गुळगुळीत. हातमोजा घालून मूठ, मग चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिल, असं एकाच जोराने वरून खाली दाबत या. वर बोट जातंय, मधेच एका पट्ट्यात अख्खी मूठ आत गेली, की थांबा. त्या पट्ट्यातला बर्फ हातात घ्या आणि गोळा करून पाहा. चांगला बर्फ गोळा होतो. सडका बर्फ मुठीतून सरासर निसटतो, आणि तळव्यावर उरलेले कण पाहिलेत तर रव्यासारखे गोल नसतात, खडीसाखरेसारखे पैलूदार, चमकणारे, कधी पेल्यासारखे पोकळ असतात.

हे कण होतात कसे ते कळलं तर ते कुठे शोधायचे तेही कळतं. जमिनीलगत बर्फ शून्याच्या आसपास असतो. वर हवा उणे 15. थर 60 सेंमीचा असेल तर दर मीटरला 25 अंशांचा उतरता फरक. थर दोन मीटरचा असेल तर साडेसात. मीटरला 10 च्या वर गेलं की वाफ खालून वर सरकते आणि कण पैलूदार होत जातात. म्हणून पातळ, थंड, कोरड्या बर्फाचे प्रदेश, लडाख, झंस्कार, स्पिती, यांत हा रोग कायमचा. पीर पंजालमध्ये, म्हणजे गुलमर्गच्या रांगेत, बर्फ जाड, तुलनेने ऊबदार, तिथे रोग कमी, पण कोरडा डिसेंबर-जानेवारी गेला की तिथेही.

मग कॉलम टेस्ट: 90 सेंमी रुंद, 30 सेंमी वर-खाली असा ठोकळा चारी बाजूंनी मोकळा करा. मागची बाजू गाठी मारलेल्या दोरीने कापा. एका टोकाला फावडं ठेवून मनगटातून 10 थापा, कोपरातून 10, खांद्यातून 10. चीर पडली आणि त्याच किंवा पुढच्याच थापेला 90 सेंमी पार गेली, तर तो उतार माणसाने सुटू शकतो. पडली पण अर्ध्यात थांबली, तर थोडं बरं.

---

तिरपी_रेघ

इथे माझा विरोध नोंदवा. दहा दिवसांच्या सुट्टीवर आलेल्याने खड्डा खणून "पास" काढायचा आणि 37 अंशांवर जायचं, हे मला सगळ्यांत धोकादायक वाटतं. शेजारी पाच मीटरवर निकाल वेगळा येतो. सव्वा मीटरपेक्षा खोल थर या टेस्टला कळतच नाही. नवख्याने खड्ड्याचा उपयोग फक्त "नाही" म्हणायला करावा.

---

हिमधार

तिरपी_रेघ, शंभर टक्के मान्य. खड्डा वाईट निघाला तर परत फिरा, चांगला निघाला तर काहीच सिद्ध झालं नाही. वरच्या प्रतिसादात हे वाक्य घालायला हवं होतं.

खड्ड्यापेक्षा फुकट मिळणाऱ्या चार खुणा जास्त बोलतात: आजूबाजूला त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसणं; पायाखालून "व्हुम्फ" असा दबका आवाज येऊन बर्फ खचणं; पावलापासून किंवा स्कीच्या टोकापासून काचेसारखी भेग पुढे धावत जाणं; अचानक वाढलेली ऊब. व्हुम्फ सपाटीवर आला तरी हसण्यावारी नेऊ नका. सपाटीवर खचलेला थर वरच्या उतारापर्यंत चीर पाठवतो आणि बर्फ वरून तुमच्यावर येतो.

---

वळणवाट

मी ट्रेकर नाही, साधी टूरवाली. मनालीहून अटल बोगद्यातून सिस्सूला बर्फ बघायला गाडी करून जायचं आहे. आमचा याच्याशी काही संबंध?

---

सोंडेवरून

ताई, आहे. सोलंगहून धुंदीकडे बोगद्याच्या दक्षिण तोंडापर्यंत जाणारा रस्ता हिमस्खलनाच्या वाटा ओलांडतो. बोगदा 9.02 किमीचा आणि आत सुरक्षित, प्रश्न त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा. वादळात पोलीस गाड्या सोलंगला किंवा त्याआधी अडवतात. ड्रायव्हर म्हणाला "ओळखीने सोडतील" तर खाली उतरून चहा घ्या. रस्ता उघडल्यावरही अरुंद ओघळांखाली फोटोसाठी थांबायचं नाही. रस्त्यालगत मोडलेली, एकाच दिशेला झुकलेली झाडं किंवा मधेच झाडं नसलेला उभा पट्टा दिसला, तर ती बर्फाची ठरलेली वाट आहे.

अजून एक, भाषेचं. हिमाचल-उत्तराखंडात गावकरी हिमस्खलनाला सर्रास "ग्लेशियर" म्हणतात. ढाबेवाला म्हणाला, "आगे मत रुकना, वहाँ ग्लेशियर आता है", तर तो हिमनदीचं भूगोल शिकवत नाहीये. वरून बर्फ येतो हे सांगतोय.

---

तिरपी_रेघ

थांबायच्या जागेचाही कोन असतो. तळाशी उभे राहून वरच्या उताराच्या सुटण्याच्या जागेकडे, म्हणजे साधारण माथ्याकडे, क्लिनोमीटरने (उतार मोजायच्या कोनमापकाने) नेम धरा. कोन 25 अंशांच्या वर असेल तर नेहमीची हिमस्खलनंही तुमच्यापर्यंत पोचतात. फार मोठी 18-20 अंशांपर्यंत धावतात. जेवायला थांबायला 25 च्या खाली, तंबू ठोकायला 18 च्या खाली. दरीच्या तळाची सपाट जागा आपोआप सुरक्षित नसते: 28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळच्या माणाला रस्ते बांधणाऱ्यांच्या छावणीवरच बर्फ आला. 54 कामगार त्यात अडकले, त्यांतले 8 दगावले.

---

प्राणवायू

वैद्यकीय बाजू थोडक्यात.

गाडलेला माणूस बहुधा गुदमरून जातो, थंडीने नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर वाचण्याची शक्यता बरीच, त्यानंतर आलेख कड्यासारखा कोसळतो. खालून मदत मागवून ती पोचेपर्यंत ही वेळ निघून जाते. म्हणून वाचवणारे म्हणजे सोबतचेच. प्रत्येकाकडे तीन वस्तू: 457 किलोहर्ट्झचा तीन अँटेनांचा बीकन (गाडलेल्याचा सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं यंत्र), किमान 240 सेंमीची प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई), धातूचं फावडं. प्लास्टिकचं फावडं नको. थांबलेल्या हिमस्खलनाचा ढीग सिमेंटसारखा घट्ट बसतो, पातं मोडतं. तिघांपैकी एक वस्तू नसेल तर उरलेल्या दोन शोभेच्या.

क्रम: शेवटचा दिसला ती जागा लक्षात ठेवा → वर दुसरं काही लटकतंय का पाहा → सगळ्यांचे बीकन शोधावर → पृष्ठभागावर हात, मोजा, काठी दिसते का → दोन शोधणाऱ्यांत 40 मीटर अंतर ठेवून खाली → बीकनवरचा अंतराचा आकडा 3 च्या खाली आला की तो बर्फाला चिकटवून, न फिरवता, अधिक चिन्हासारखं मागे-पुढे, डावी-उजवीकडे → सर्वांत लहान आकड्यापासून बर्फाला काटकोनात प्रोब, 25 सेंमीच्या अंतराने गोल गोल वाढत. लागली की प्रोब काढायची नाही.

खणताना सगळे चुकतात ते इथे: प्रोबच्या डोक्यावर उभे राहून खड्डा. त्याने त्याच्या श्वासाची पोकळी दाबली जाते. प्रोबवरची खोली वाचा, तिच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत शिरा. एक मीटर खोल असेल तरी अर्धा टनाच्या पुढे बर्फ हलवायचा असतो, म्हणून एक पुढे तोडणारा, मागचे ओढून लांब टाकणारे, मिनिटाभराने अदलाबदल. आधी चेहरा आणि छाती मोकळी. तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर आधी कृत्रिम श्वास, मग छाती दाबणं. तासाभराने निघालेला पण तोंड-नाक मोकळं असलेला गारठलेला माणूस मेला असं ठरवू नका, हॉस्पिटलपर्यंत चालू ठेवा.

बीकन छातीशी, आतल्या थरात. मोबाइल, कॅमेरा, बॅटरीचे हातमोजे बीकनपासून सिग्नल पाठवताना 20 सेंमी, शोधताना 50 सेंमी लांब. सेल अल्कलाइन. रिचार्जेबल चालतात का ते फक्त कंपनीच्या पुस्तिकेत बघा, दुकानदाराला विचारू नका.

---

पाऊलखूण

मान्य, घाबरवत नव्हता. मग संपर्काचं? गार्मिनचं सॅटेलाइट यंत्र घेऊन जाऊ का?

---

सोंडेवरून

भारतात परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा संदेशयंत्र बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावर अडवतात, काश्मिरात तर विचारूच नका. साधी वॉकीटॉकी घ्यायची तरी परवानामुक्त प्रकारचीच. आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मिरात चालत नाही, गटात निदान दोन पोस्टपेड हवीत, वेगवेगळ्या कंपन्यांची. एअरबॅग (हिमस्खलनात फुगणारी पाठपिशवी) असेल तर गॅसच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची परवानगी तिकिटाच्या वेळीच, लेखी.

---

ताम्हिणी

सगळ्यांचे आभार. ठरवलेलं असं: वादळ आलं तर पहिले दोन दिवस बाबा रेशीच्या जंगलात, तिसऱ्या दिवशी स्की पेट्रोलशी बोलून मुख्य बाउल, बाहेर कुठेही नाही. चार-चारचे दोन गट, उघड्या जागी एकेक करून, बाकीच्यांची नजर त्याच्यावर. बीकन श्रीनगर-गुलमर्गला भाड्याने मिळाले तर पहिली सकाळ फक्त सरावाची. झेलमची तिकिटं रद्द करून दोन दिवस पुढची काढली, वेटिंग 41.

एक शंका राहिली. आमच्या काठ्या 130 च्या नाहीत, 120 च्या आहेत. खूण कुठे?

---

तिरपी_रेघ

69 ला. 25 अंशांची 56 ला. आणि टेप लाल घ्या, पांढरी बर्फात दिसत नाही.